सड्यावरचं थंडगार घर

मे महिन्यात भर दुपारी मालवणच्या सड्यावर उभं राहा. जांभ्याचा कातळ चपलेतूनही चटके देतो. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारी ही जमीन उन्हाळ्यात पार वाळवंट होते.

खऱ्या वाळवंटातले कीटक अशा वेळी अंगावरच बंदोबस्त करतात. सहारातल्या चंदेरी मुंगीचे केस ऊन परतवतात. तिचं अंग ५३ अंशांपर्यंत तापलं तरी ती तग धरते. नामिबमधला एक काळा भुंगेरा धुक्यात डोकं खाली, पाठ वर करून उभा राहतो आणि पाठीवरून ओघळणारे थेंब पितो. आपल्याकडच्या वाळवीजवळ यातलं काहीच नाही. तिची कातडी इतकी पातळ, की उघड्यावर ती बघता बघता सुकते. मग ती अंगाऐवजी घराकडे लक्ष देते.

सड्याच्या कडेला, माती साचते तिथे तिची वारुळं दिसतात. भिंती लाळ कालवलेल्या मातीच्या. कामकरी वाळव्या खोलवरच्या ओल्या मातीतून पाणी वर आणतात. आत त्या बुरशीची शेती करतात, आणि तिला गारवा व ओल दोन्ही लागतं. पण दार बंद, तर हवा खेळते कशी? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बंगळुरूमधल्या वारुळांच्या आतली हवा मोजली गेली. दिवसा बाहेरच्या पातळ भिंती आधी तापतात, त्यांच्यालगतची हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली येते. रात्री भिंती आधी निवतात आणि प्रवाह उलटतो. कोंडलेला कार्बन डायऑक्साइड तेव्हा बाहेर पडतो. म्हणजे ज्या उन्हाला आपण शिव्या घालतो, तेच इथे पंख्याचं काम करतं!

खाणं शोधायला निघालेली वाळवीही उघड्यावर येत नाही. आंब्याकाजूच्या खोडावर दिसणारा मातीचा लेप हा तिचा सावलीतला, दमट रस्ता. आपण तो काठीने खरवडतो. तासाभरात ती डागडुजीला लागलेली असते.

सिंधुदुर्गात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते, आणि पहिल्या पावसानंतर वारुळावर उगवणारी अळंबी म्हणजे आतल्या त्याच शेतीचं पीक. साधारण याच दिवसांत पंख फुटलेल्या वाळव्या संध्याकाळी बाहेर पडतात. यांची कातडी जरा राठ, काळपट. हवेतही आता ओल असते. पडवीतल्या दिव्याखाली पाल तेवढी आधीपासून टपून बसलेली असते.