कोरड्या हाताचं चॉकलेट
घरची भट्टी : भाग ९

पावसाळ्यात माकुणसारला मीठसुद्धा कोरडं राहत नाही. बरणीत त्याचा एक तर दगड होतो, नाहीतर तळाशी पाणी सुटतं. दुपारी केलेला चिवडा रात्री चिवट लागतो, खारी बिस्किटांची पुडी फोडली की त्याच बैठकीत संपवावी लागते. एका अंगाला खाडी, पलीकडे समुद्र, मध्ये वाड्यांमधली ओल. सफाळ्यापासून केळव्यापर्यंत सगळीकडे हीच हवा. तिची तक्रार आज करायची, कारण या आठवड्यात आपण पीनट बटर घातलेली चॉकलेट ब्राउनी करणार आहोत. भट्टीच्या पदार्थांत हा सोप्यातला सोपा. यीस्ट फुगण्याची वाट बघणं नाही, क्रीम फेटणं नाही, नक्षी नाही. मात्र चॉकलेट आणि शेंगदाणा या दोघांचंही पाण्याशी वैर आहे आणि आपण राहतो पाण्यात.

भाजलेल्या गोडाची सवय आपल्याकडे नाही असं कुणी समजू नये. सीकेपी घरांतलं निनाव, कोकणातलं काकडीचं धोंडस किंवा तवसाळी, हे सगळे वर-खाली विस्तव देऊन भाजायचे पदार्थ. खाली चूल, झाकणावर निखारे. म्हणजे दोन्हीकडून आच देण्याचं तंत्र आपल्या आज्यांना चांगलं ठाऊक होतं. पण हे सगळे ओले पदार्थ आहेत. निनावात नारळाचं दूध, धोंडसात काकडीचा कीस आणि तिचं सुटलेलं पाणी. चमचाभर दूध जास्त पडलं तर पाच मिनिटं जास्त भाजायचं, एवढाच काय तो फरक. चॉकलेट ही मोकळीक देत नाही, म्हणून आपल्याकडची हाताला अंदाज असलेली बाईही पहिल्यांदा त्याच्यापुढे अडखळते.

थोडं इतिहासाचं, कारण मराठी घरात पीनट बटर म्हटलं की कार्व्हर आठवतोच. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं आणि तेव्हापासून शाळेच्या बक्षीस समारंभात ते वाटलं गेलं नाही असं वर्ष नसेल. त्यामुळे पीनट बटरचा शोध कार्व्हरनेच लावला अशी अनेकांची पक्की समजूत असते. ती बरोबर नाही. भाजलेले दाणे दळून लगदा करण्याचं पेटंट माँट्रियलच्या मार्सेलस एडसनने १८८४ मध्येच घेतलं होतं. पुढे १८९५ मध्ये कॉर्नफ्लेक्सवाल्या जॉन केलॉगने आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी दाण्यांच्या लगद्याच्या पेटंटचा अर्ज केला. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरचं काम वेगळं आणि माझ्या मते जास्त मोलाचं होतं. कापसाने जमीन झिजलेल्या गरीब शेतकऱ्याला भुईमूग लावायला सांगायचं, तर आलेल्या शेंगांचं करायचं काय हेही सांगायला हवं. म्हणून १९१६ मध्ये त्याने टस्कगीहून एक पुस्तिका काढली : भुईमूग कसा लावावा आणि तो खाण्याचे १०५ प्रकार. लावणीपासून ताटापर्यंतची ती खरी पाककृतींची वही.

चॉकलेट आणि शेंगदाणा यांची जोडी बाजारात गाजवली ती हॅरी रीसने. हा मिल्टन हर्शीच्या दुग्धशाळेत कामाला होता. पुढे त्याने स्वतःचा मिठाईचा धंदा काढला आणि १९२८ च्या सुमारास चॉकलेटच्या वाटीत पीनट बटर भरून विकायला सुरुवात केली. ही जोडी जमते ती केवळ योगायोगाने नाही. कोकोच्या बिया आणि शेंगदाणे, दोन्ही भाजल्यावरच खरी चव देतात, आणि भाजताना त्यांच्यात सुटणारे सुवासही एकाच कुळातले असतात. दोघांत साधारण निम्मा भाग मेद असतो. कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं, शेंगदाण्याचं तेल आधीच पातळ असतं. तोंडात दोन्ही एकत्र विरघळतात आणि मध्ये मिठाची कणी लागते. ते ३४ अंशांचं गणित आपल्या मे महिन्याला मात्र परवडत नाही. वातानुकूलित खोलीशिवाय घरी चकाकतं चॉकलेट घडवणं इथे फार कटकटीचं. ब्राउनीत ती भानगडच नाही, चॉकलेट पिठात मिसळून भाजून टाकायचं.

आता दाणे. आपल्या किनारपट्टीवर नारळ, पानवेल, केळी, भाजी; भुईमूग वाण्याकडचा. घाटावरून येतो नाहीतर गुजरातेतून. पण बोईसर-तारापूरच्या वाचकाला एक गंमत सांगायला हवी. तारापूरचं अणुवीजकेंद्र १९६९ पासून आपल्याला माहीत आहे. त्याच अणुऊर्जा खात्याच्या ट्रॉम्बे इथल्या भाभा केंद्राने किरणोत्साराचा वापर करून भुईमुगाचे वाण घडवले. त्यातला टीएजी-२४ शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा. त्यातला टी ट्रॉम्बेचा, ए अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा आणि जी ग्राउंडनटचा. उन्हाळी भुईमुगात बुटक्या झाडाच्या, लवकर येणाऱ्या या वाणाने चांगलं नाव कमावलं. म्हणजे वाण्याच्या पोत्यातल्या दाण्याचा आणि आपल्या अणुकेंद्राचा आडनावाचा का होईना, संबंध असू शकतो.

दाणे घेताना मूठभर हातावर पसरून बघा. सुरकुतलेले, काळपट, हिरवट बुरशीची झाक असलेले दाणे बाजूला काढून फेकून द्या, कोंबड्यांनाही घालू नका. ओलीत साठवलेल्या दाण्यांवर बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत माग निघाला, तेव्हा या विषाचा शोध लागला. घरच्या भाजण्याने ते जात नाही. खवट दाणा चवीला कळतो, पण हे विष चवीला कळेलच असं नाही, म्हणून निवडणं डोळ्यांनीच करायचं. पावसाळ्यात दाणे पाव-पाव किलोच आणा.

पाव किलो दाणे जाड कढईत मंद आचेवर भाजा. घाई केली तर वरून डाग पडतात आणि आत ओल राहते, आणि आज आपलं भांडण तिच्याशीच आहे. कच्च्या दाण्यात शंभरात सात-आठ भाग पाणी असतं, नीट भाजल्यावर ते एक-दोन भागांवर येतं. दाणा फोडून बघावा. आतला रंग कडेपासून मध्यापर्यंत सारखा फिका तपकिरी दिसला की झालं. कोमट असताना फडक्यात चोळा, सुपात पाखडा. सालं कडू असतात, थोडी राहिली तर बिघडत नाही.

कुटापर्यंतचा रस्ता प्रत्येक घराला पाठ आहे. पीनट बटर त्याच रस्त्यावर पुढे आहे, फक्त तिथे आपण कधी जात नाही, कारण कुटाला तेल सुटलं की आपल्याकडे ते बिघडलं असं म्हणतात. इथे बिघडवायचंच आहे. मिक्सरचं भांडं आणि पाती पुसून अगदी कोरडी करा. आधी भरड होईल, मग बारीक कूट, मग ते कडेला चिकटून बसेल आणि पाती नुसतीच फिरेल. इथे बरेच जण हात टेकतात आणि पाणी किंवा तेल घालतात. पाणी तर अजिबात नको. मिक्सर थांबवून चमच्याने कडा खरवडा, पुन्हा फिरवा. कूट गोळा होऊ लागतं, भांडं बाहेरून गरम लागतं. पातीच्या घर्षणाने दाण्याच्या पेशी फुटून तेल मोकळं होत असतं. आणखी दोन-तीनदा खरवडलं की गोळा अचानक सैल पडतो आणि पातीभोवती रेशमासारखा वाहू लागतो. मिक्सरला वास येऊ लागला तर त्याला विश्रांती द्या, दाण्यांना घाई नाही. शेवटी पाव चमचा मीठ.

गूळ घालायचा मोह होईल. घालू नका. गुळात ओल असते आणि त्या ओलीने हे लोणी पाहता पाहता घट्ट, दाणेदार होतं. मधानेही तेच होतं. गोडीसाठी दोन चमचे पिठीसाखर पुरे.

चॉकलेटचं दुखणंही याच जातीचं. वितळलेलं चॉकलेट म्हणजे मेदात तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे बारीक कण. त्यात चमचाभर पाणी पडलं की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि तकतकीत पातळ चॉकलेटचा क्षणात मातीसारखा गोळा होतो. पुस्तकांत सांगितलेली रीत म्हणजे उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून चॉकलेट वितळवायचं. आपल्या हवेत, ओल्या फडक्यांच्या आणि नुकत्या विसळलेल्या चमच्यांच्या स्वयंपाकघरात मला ती पसंत नाही. त्यापेक्षा १०० ग्रॅम लोणी (घरचं नको, पाकिटातलं खारं) मंद आचेवर वितळवा, गॅस बंद करा, त्यात १५० ग्रॅम डार्क चॉकलेटचे तुकडे घालून झाकण न ठेवता पाच मिनिटं थांबा, मग ढवळा. त्या लोण्यातही शंभरात सोळापर्यंत भाग पाणी असतं, पण मेद भरपूर असल्याने ते बाधत नाही. घरच्या लोण्यात ताक किती राहिलंय याचा भरवसा नसतो.

तरीही गोळा झालाच, तर टाकून देऊ नका. थोडं पाणी मारतं, पण भरपूर पाणी तारतं. गरम दूध चमचा-चमचा घालत ढवळत राहा, साखर पूर्ण भिजली की चॉकलेट पुन्हा मोकळं होतं. त्याची ब्राउनी होणार नाही, आइस्क्रीमवर ओतायचा सॉस होईल.

सफाळ्याच्या किंवा पालघरच्या दुकानात चॉकलेट मागितलं तर बहुतेकदा ‘कंपाउंड’ची वडी हातात पडते. पाकिटावर कोको बटरऐवजी हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलेलं असतं. ते उन्हात लवकर पाघळत नाही, म्हणून दुकानदारालाही सोयीचं. ब्राउनी त्याचीही होते, पण टाळूला मेणचट थर राहतो. डहाणू लोकलने विरारपर्यंत जाणं होत असेल तर खरं चॉकलेट आणा.

दोन अंडी आणि १५० ग्रॅम पिठीसाखर चांगली फेटा. साखर अंड्यात जितकी विरघळेल, तितका ब्राउनीच्या वरचा पातळ पापुद्रा छान येतो. अंड्यात बहुतांश पाणीच असतं, पण आता ते भरपूर आहे आणि चॉकलेटला लोण्याची सोबत आहे, काळजी नको. कोमट झालेलं चॉकलेट त्यात मिसळा. वरून ८० ग्रॅम मैदा आणि दोन मोठे चमचे कोको पावडर चाळून घाला, पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवा. अंडं चालत नसेल तर त्याच्या जागी अर्धी वाटी चक्क्यासारखं घट्ट दही आणि पाव चमचा खाण्याचा सोडा. मग ती ब्राउनी कमी आणि केक जास्त होते, हे आधीच सांगून ठेवते.

सात इंची चौकोनी डब्याला लोण्याचा कागद लावून मिश्रण ओता. चार-पाच चमचे पीनट बटर जागोजागी ठेवा आणि सुरीच्या टोकाने आडव्या-उभ्या रेघा ओढा. फार ओढल्या तर दोन रंग मिसळून एकच मातकट रंग होतो.

ओव्हन असेल तर १७० अंशांवर पंचवीस मिनिटं. नसेल तर जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या, तळाशी जाड मिठाचा बोटभर थर, त्यावर कडं, झाकण ठेवून दहा मिनिटं तापवा, मग डबा आत. मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. पातेल्याच्या ब्राउनीची एक खोड आहे : पिठातली वाफ झाकणाला लागते, थंड पत्र्यावर तिचं पाणी होतं आणि ते थेंब पुन्हा ब्राउनीवर पडतात. वरचा पापुद्रा जागोजागी चिकट होतो. झाकणावरचे निखारे याचसाठी होते. वरून तांबूसपणा यायचाच, पण तापलेल्या झाकणावर पाणी साचतच नाही. निखारे नसतील तर ढोकळ्याला बांधतो तसं झाकणाला सुती फडकं बांधा, गाठ वरच्या बाजूला घ्या, टोकं ज्योतीपासून लांब. शेवटची दहा मिनिटं झाकण किंचित कलतं ठेवा.

मधोमध काडी घालून बघा. कोरडी निघाली तर उशीर झाला. ओलसर चुरा लागून यायला हवा, पातळ पीठ मात्र नको. बाहेर काढल्यावर ती कच्ची वाटते, कारण चॉकलेट अजून पातळ आहे. पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावू नका. पोरांना दुसरीकडे पाठवा.

डब्यात भरतानाही गार झाल्यावरच भरा, नाहीतर तिच्याच वाफेने ती ओली होते. फ्रिजमध्ये ठेवलीत तर बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. थंड ब्राउनीला आपली हवा लागली की तिला घाम फुटतो. अर्धा तास बंदच राहू द्या. उरलेलं पीनट बटर काचेच्या बरणीत, कोरडा चमचा घालून वापरा. वर तेल तरंगलं तर ते ओतून टाकू नका, ढवळून घ्या. बाजारी बाटलीत ते तरंगत नाही, कारण त्यात बहुधा घट्ट केलेला मेद मिसळलेला असतो.

आणि शेजारी वाटी पाठवण्याआधी कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, एवढं विचारा. चॉकलेटच्या रंगात दाणे ओळखू येत नाहीत.

(पुढच्या भागात : नारळाच्या दुधातलं निनाव, ओव्हनमध्ये आणि निखाऱ्यांवर.)