जांभ्याची लाल माती आणि पृथ्वीची आच
सजीवांचे घर : लेखांक 6

सूर्यापासूनच्या अंतराचा हिशेब मागच्या आठवड्यात झाला. पृथ्वी नेमक्या जागी पडली म्हणून इथे जीव आला, असा त्यावरून बहुतेकांचा समज होतो. तो अर्धाच खरा. सूर्य नवा होता तेव्हा त्याचे तेज आजच्यापेक्षा साधारण 30 टक्के कमी होते. आजचे वातावरण घेऊन पृथ्वी त्या उन्हात बसली असती, तर समुद्र गोठले असते. पण ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे झिर्कॉनचे कण सांगतात की, 430-440 कोटी वर्षांपूर्वीही इथे पाणी असावे. पुढे सूर्य तापत गेला, तरी ते पाणी उकळून उडून गेले नाही. जागा तीच, ऊन वाढते, आणि समुद्र आपला जागच्या जागी. हे कसे जमले?

उत्तराचा मोठा भाग कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरीच्या लाल मातीत आहे. नेसरी म्हटले की प्रतापराव गुजर आणि त्यांची 24 फेब्रुवारी 1674 ची लढाई आठवते. इथल्या खडकाचे वय मात्र 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आसपास जाते. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यात कुठेही रस्त्यासाठी टेकडी कापलेली दिसली की गाडी थांबवून बघावे. तळाला निळसर काळा कातळ. त्याच्या वर गोल गोल धोंडे, ज्यांचे पापुद्रे नुसत्या बोटांनी सुटतात. मग मुरूम. आणि अगदी वर, पाऊस जास्त त्या बाजूला, भोके पडलेला तांबडा जांभा. काळ्या कातळाचा लाल जांभा होईपर्यंत मधून काहीतरी निघून गेलेले असते. तेच आपल्या कामाचे.

पाऊस पडताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळतो, पाणी किंचित आंबट होते. ते बेसाल्टमधले कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवून घेते. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथले पाणी घेऊन हिरण्यकेशी निघते. ती पुढे घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला मिळते. पाण्याबरोबर कॅल्शियम आणि हवेतून धुऊन काढलेला कार्बन दोन्ही बंगालच्या उपसागरात पोचतात. तिथे शंख-शिंपल्यांची आणि सूक्ष्म जीवांची कवचे होतात, कवचांचा चुनखडक होतो. मागे उरते लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंडाने माती लाल होते. ॲल्युमिनियम साठून दुर्गमानवाडसारख्या ठिकाणी बॉक्साइटच्या खाणी निघतात.

हे एवढेच चालू राहिले असते, तर हवेतला कार्बन संपून पृथ्वी गारठली असती. पण समुद्राचा तळ भूखंडांखाली सरकतो, चुनखडक पोटात जाऊन तापतो आणि कार्बन डायऑक्साइड ज्वालामुखीतून परत हवेत येतो. खरी गंमत पुढे आहे. हवा तापली की पाऊस वाढतो, खडक भराभर झिजतो, हवेतला कार्बन कमी होतो आणि तापमान उतरते. हवा गारठली की झीज मंदावते, ज्वालामुखी मात्र थांबत नाहीत, म्हणून कार्बन साठून ऊब परत येते. गिझरमधला थर्मोस्टॅट हेच करतो. जेम्स वॉकर, पॉल हेज आणि जेम्स कास्टिंग यांनी हे गणित 1981 मध्ये मांडले.

शुक्रावर पाणी टिकले नाही, त्यामुळे कार्बन खडकात बांधला गेला नाही. तिथे 460 अंशांच्या आसपास तापमान आहे. मंगळ लहान, लवकर थंडावला, आणि त्याची हवा विरळ होत गेली.

सगळे खडक या कामाला सारखे नसतात. कोल्हापूरच्या दक्षिणेला बेसाल्टखालून कुठे कुठे जुना कलादगी वालुकाश्म डोकावतो. तो पावसाला जवळपास काहीच देत नाही. बेसाल्ट उदार. जगाच्या जमिनीचा जेमतेम पाच टक्के भाग बेसाल्टचा, पण सिलिकेट खडकांच्या झिजेत जो कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, त्यातला सुमारे 30 टक्के त्याच्या वाट्याला येतो. दख्खनचा लाव्हा घेऊन भारत उत्तरेला सरकताना विषुववृत्ताच्या दमट पट्ट्यातून गेला. गेल्या पाच कोटी वर्षांत पृथ्वी गार होत गेली, त्यात या झिजेचा हात असावा, असे काही भूशास्त्रज्ञ मानतात. मला हे मत पटते, पण एक अडचण आहे. जांभा जाड झाला की खालच्या ताज्या कातळावर झाकण बसते आणि झीज मंदावते. डोंगर उचलले जाणे, नद्यांनी ते कापणे, हे चालू राहिले तरच यंत्र चालते.

गडहिंग्लजच्या पूर्वेला पाऊस कमी. तिथले सगळे कॅल्शियम समुद्रापर्यंत जात नाही, काळ्या रानातच चुनखडीचे खडे होऊन बसते. उसावर केवडा पडला, म्हणजे पाने पिवळी पडली, की शेतकरी त्या चुनखडीला शिव्या देतो, आणि त्याचे बरोबरच आहे. पण त्या प्रत्येक खड्यात हवेतून उतरलेला कार्बन आहे. पूर्वी चुन्याच्या भट्टीत हे खडे भाजत, तेव्हा ज्वालामुखीचेच काम छोट्या प्रमाणात होई.

हा थर्मोस्टॅट लाखो वर्षांच्या बेताने चालतो. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला 100 कोटी टनांच्या आत कार्बन डायऑक्साइड सोडतात. आपण इंधने जाळून 3,700 कोटी टनांच्या आसपास. म्हणून आता बेसाल्ट दळून शेतात पसरायचा, म्हणजे झीज लवकर होईल, असे प्रयोग चालू आहेत. भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांबरोबर हे काम करणाऱ्या माटी कार्बन या कंपनीला 2025 मध्ये एक्सप्राइझ स्पर्धेचे पाच कोटी डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले. खडी क्रशरची डस्ट आपल्याकडे ढिगांनी पडून असते, तेव्हा कल्पना आपल्या भागाला सोयीची आहे. मातीला थोडे पोषण मिळेल, तो फायदा वेगळाच. मात्र एक टन पूड फार तर 300 किलो कार्बन डायऑक्साइड बांधते. एका वर्षाचा धूर पुसायला 12,000 कोटी टनांहून जास्त खडक दळावा लागेल, आणि आज साऱ्या जगात बांधकामासाठी वर्षाला वाळू-खडी उपसली जाते ती 5,000 कोटी टन.