नाचता नाचता टाळ : धातू, कान आणि हात

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. तेथे वाघ्या दिमडी वाजवतो आणि मुरळी हातातली लहान घंटी, म्हणजे घोळ, वाजवत नाचते. लातूर जिल्ह्यात औशाच्या नाथ संस्थानाची चक्री भजनाची परंपरा आहे. बंजारा तांड्यावर नगाऱ्याच्या जोडीला थाळी वाजते, तर नांदेडच्या नगरकीर्तनात ढोलकीबरोबर छैने वाजतात. पंढरीच्या वाटेवरील टाळ तर सर्वांच्याच ओळखीचे आहेत.

वाजवणारा एका जागी बसलेला नसतो, ही यांतल्या बहुतेकांमधली समान गोष्ट. पाय चालतात किंवा नाचतात, तोंड गाते आणि त्याच वेळी हात ताल धरतात. इजिप्त आणि तुर्कस्तानातील नर्तकी हेच काम बोटांवर करते. आपण ज्याला ‘बेली डान्स’ म्हणतो त्या नाचात तिच्या दोन्ही हातांच्या अंगठ्यांवर आणि मधल्या बोटांवर मिळून चार छोट्या चकत्या असतात. अरबीत त्यांना ‘सागात’ आणि तुर्कीत ‘झिल’ म्हणतात. आपल्या टाळाचेच हे धाकटे भावंड. या सर्वांना भरताच्या नाट्यशास्त्रात एकच नाव आहे : घनवाद्य. त्याला तार नाही, कातडे नाही, फुंकर नाही. वाद्याचे अंगच कंप पावते. मराठवाड्याच्या देवगिरीत, यादवांच्या आश्रयाने, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याच्या वाद्याध्यायातही घनवाद्यांना स्वतंत्र स्थान आहे.

आता आपण दोन प्रश्न घेऊ. हा धातू असा का वाजतो? आणि नाचताना तो वाजवायला हात शिकतो कसा?

दोरी मधोमधच का?

वर्गात करून पाहा. तळपायाला तेल चोळण्याची काशाची वाटी घरोघरी असते. ती पाच बोटांच्या टोकांवर, तळाच्या मध्यभागी तोलून धरा आणि काठावर लाकडी चमच्याने हलकेच टोला द्या. वाटी बराच वेळ घुमेल. आता पुन्हा टोला द्या आणि काठाला एक बोट लावा. आवाज तत्काळ मरेल.

काठ हलत असतो आणि तळाचा मध्य जवळजवळ स्थिर असतो, असा याचा अर्थ. टाळाचे तसेच आहे. टोला बसला की चकतीचा काठ लाटेसारखा वर-खाली होतो. सर्वांत सावकाश होणाऱ्या कंपनात काठाचे चार भाग पडतात : समोरासमोरचे दोन वर जातात तेव्हा उरलेले दोन खाली येतात. या भागांच्या सीमारेषा हलत नाहीत आणि त्या मध्यबिंदूत एकमेकींना छेदतात. म्हणून दोरी मध्यातून ओवली तर कंपनाला फारसा अडथळा होत नाही. जर्मन शास्त्रज्ञ क्लाडनी याने १७८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा स्थिर रेषा वाळूच्या साहाय्याने दाखवल्या. पत्र्यावर बारीक वाळू पसरून तो कंप पाववला की हलणाऱ्या भागावरची वाळू उडते आणि स्थिर रेषांवर जमते.

टाळ कोणत्या पट्टीत?

तंबोऱ्याची तार छेडली की मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे स्वरही त्यात मिसळलेले असतात. हे प्रमाण पूर्णांकांत असल्याने कानाला एक स्पष्ट स्वर लागतो. सपाट गोल चकतीचे प्रमाण मात्र १ : १.७३ : २.३३ असे विस्कळीत असते. त्यामुळे टाळाचा नाद तारेच्या स्वरासारखा एका जागी ठरत नाही. ही उणीवच उपयोगी पडते, कारण काळी एक असो की पांढरी पाच, गायकाने पट्टी बदलली तरी टाळ बदलावा लागत नाही.

आकाराचा हिशेब मुलांना करू द्यावा. सपाट चकतीची वारंवारता जाडीच्या सम प्रमाणात आणि व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. जाडी तीच ठेवून व्यास १० सेंटिमीटरवरून ५ वर आणला तर वारंवारता किती होईल? चौपट, म्हणजे नाद दोन सप्तके वर जाईल. बोटांवरच्या चकत्या किणकिणतात आणि मोठी झांज झणाणते, ती यामुळे. आपला कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या आवाजांना सर्वांत तत्पर असतो. मृदंग-ढोलकीचा जोर याच्या बराच खाली असल्याने गर्दीतही टाळ वेगळा ऐकू येतो.

वाटीच्या प्रयोगाने टाळाचे ‘खुले’ आणि ‘बंद’ बोलही समजतात. आघातानंतर चकत्या सुटू दिल्या तर नाद लांबतो, दाबून धरल्या तर तुटतो. आणि दोन्ही चकत्या तंतोतंत समोरासमोर आपटल्या तर? मधली हवा कोंडते, काठ एकमेकांना चिकटून राहतात आणि ‘थप्’ असा बसका आवाज येतो. म्हणून शिकवणारे सांगतात की काठ किंचित तिरका लागू द्या आणि लगेच सोडा.

कासेच का?

कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. रसशास्त्राच्या ग्रंथांत ८ भाग तांबे आणि २ भाग कथील असे प्रमाण येते. घंटेच्या धातूत कथील २२ टक्क्यांच्या आसपास असते. कथील वाढले की धातू कठीण होतो, कंपनाची ऊर्जा आतल्या आत कमी मुरते आणि नाद रेंगाळतो. पण तो ठिसूळही होतो, त्यामुळे काशाचे भांडे फरशीवर पडले की तडकते.

येथे एक गंमत आहे. लोहार विळा तापवून पाण्यात बुडवतो तो कठीण व्हावा म्हणून. कासार अशा जास्त कथिलाच्या काशाचे भांडे लालबुंद असताना ठोकून घडवतो आणि मग पाण्यात विझवतो, ते मात्र ठिसूळ होऊ नये म्हणून! सावकाश थंड झाले तर या काशात एक ठिसूळ संयुग तयार होते. एकदम थंड केले तर ते तयार व्हायला अवधीच मिळत नाही. धातू वेगळा, म्हणून त्याच क्रियेचे फळ उलटे. बाजारात पितळी टाळही असतात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. दोन्ही शेजारी वाजवून नाद किती सेकंद टिकतो ते मुलांनी मोजावे.

हात कसा शिकतो?

बोटांवरच्या चकत्यांचा पहिला पाठ असा असतो : उजवा-डावा-उजवा आणि एक मात्रा विश्रांती. हात आलटून पालटून वापरल्याने कानाला गती जलद वाटते, पण प्रत्येक हाताला मध्ये उसंत मिळते. खरी अडचण पाय सुरू झाल्यावर येते. दोन अवयवांना वेगवेगळ्या लयी दिल्या की मेंदू त्यांना एकाच लयीत ओढू पाहतो.

हे अनुभवायला लसावि पुरेसा आहे. वर्गाने १ ते ६ सावकाश, न थांबता मोजावे. उजवा हात १, ३, ५ वर बाकावर टेकवा आणि डावा १ व ४ वर. म्हणजे उजव्याचे तीन आघात आणि डाव्याचे दोन, एकाच वेळेत. पहिल्या मिनिटात बहुतेकांचे हात घोटाळतात. मग आधी नुसते तोंडाने म्हणा, नंतर एकेक हात, नंतर दोन्ही, आणि शेवटी जागच्या जागी पावले. सराव वाढतो तसे मोजणे मागे पडते. लहान मेंदू आणि त्याच्या जोडीचे भाग हालचालींची वेळ सांभाळू लागतात आणि लक्ष गाण्याकडे द्यायला मोकळे होते.

शंभर टाळ एका वेळी

दोन आवाजांत सुमारे २० मिलिसेकंदांचे अंतर असले की कोणता आधी आला ते बहुतेकांना ओळखता येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे २० मिलिसेकंदांत जेमतेम ७ मीटर. वर्गाच्या खोलीत हे चालून जाते. पण दिंडीत पुढचा टाळकरी ३४ मीटरवर असेल तर त्याचा ठोका मागच्याला ०.१ सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला २४० आघात पडत असतील तर दोन आघातांतले अंतरच ०.२५ सेकंद असते. केवळ कानावर विसंबले तर मागची रांग हमखास घसरेल. म्हणून हात उंचावून वाजवणे, समोरासमोर रांगा करणे, गोल धरणे यांना अर्थ आहे. प्रकाशाला उशीर होत नाही, त्यामुळे डोळे कानाची चूक दुरुस्त करतात. आपण जिला पद्धत म्हणतो तिच्यात असे पुष्कळ भौतिकशास्त्र मुरलेले असते.

कौशल्य कोणाचे?

पोटाकडे बोट दाखवणारे ‘बेली डान्स’ हे नाव त्या नाचाला पाश्चात्त्यांनी दिले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनामुळे अमेरिकेत त्याचा बोलबाला झाला. लोकांनी पोट पाहिले, बोटांमधला हिशेब पाहिला नाही. आपल्याकडे मुरळीचेही वेगळे झाले नाही. मुली देवाला वाहण्याची प्रथा अन्यायाचीच होती, आणि तिच्याविरुद्ध महाराष्ट्रात २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा आहे. पण प्रथा गेली पाहिजे म्हणताना त्या बायांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळलेली विद्याही हलकी ठरवली गेली. नाचत, गात, वेगळ्या लयीत घोळ वाजवणे हे किती अवघड आहे, ते वरचा सहा आकड्यांचा खेळ करून पाहिलेल्या मुलांना सांगावे लागणार नाही.

शाळेत लेझीम असते. तिच्या शेजारी टाळांचे चार जोड ठेवायला काय हरकत आहे? पत्र्याच्या खोलीत मात्र वाजवू नका, कान दुखतील, झाडाखाली बसा. आणि गावातला एखादा टाळकरी किंवा घोळ वाजवणाऱ्या आजी असतील तर त्यांना एक तास शिक्षक म्हणून बोलवा. ध्वनीचा धडा त्या दिवशी त्यांनाच घेऊ द्या.