लांबच्या थांब्यात बॅग कुठे असते?

मुंबईच्या काउंटरवर तेवीस किलोची बॅग पट्ट्यावरून आत सरकते आणि बोर्डिंग पास हातात पडतो. वाटेत दोहा, दुबई किंवा फ्रँकफर्टला दहा-बारा तासांचा थांबा असतो. तिथे बॅग उतरवून घ्यायची, की ती परस्पर पुढच्या विमानात चढणार? मुलाकडे पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या आईवडिलांना या प्रश्नाने झोप लागत नाही. त्याचे निम्मे उत्तर त्यांच्याच हातात असते, बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेल्या छोट्याशा कागदी पट्टीवर.

ती पट्टी म्हणजे बॅगेच्या टॅगचा तुकडा. तिच्यावर दहा आकडी क्रमांक असतो. त्यातले दुसरा ते चौथा हे तीन आकडे विमान कंपनीचे आणि शेवटचे सहा त्या बॅगेचे. बॅगेवरच्या टॅगवर मोठ्या अक्षरांत तीन अक्षरी विमानतळ-संकेत छापलेला असतो, आणि बॅग तिथपर्यंतच जाते. मुंबई-दोहा-शिकागो असा प्रवास असेल आणि टॅगवर ठळकपणे शिकागोचा ‘ओआरडी’ दिसत असेल, तर दोह्यात बॅगेची वाट पाहायची नाही. ‘डीओएच’ दिसले, तर बॅग दोह्याच्या पट्ट्यावर येईल आणि मालक आला नाही तर तिथेच पडून राहील. बॅग आत जाण्यापूर्वी ही तीन अक्षरे वाचायची सवय प्रत्येक प्रवाशाने लावून घ्यावी. चूक काउंटरवर एका मिनिटात दुरुस्त होते, पुढे तिच्यापायी दिवस जातात.

थांबा लांबला की अनेकांना वाटते, मधल्या वेळात बॅग उघडून स्वेटर काढता आला तर किती बरे. ते जमत नाही आणि कर्मचारी त्याबाबत ऐकून घेत नाहीत, याला कारण आहे. ते प्रत्येक भारतीयाला ठाऊक असायला हवे.

२२ जून १९८५ रोजी कॅनडात व्हँकुव्हरच्या विमानतळावर एका प्रवाशाने टोरोंटोच्या विमानासाठी बॅग दिली आणि ती तिथून थेट एअर इंडियाच्या दिल्लीच्या विमानात पाठवा, असा आग्रह धरला. त्याची पुढची जागा पक्की नव्हती. काउंटरवरच्या कर्मचारी बाईंनी आधी नकार दिला, पण मागे रांग वाढत होती आणि माणूस हटत नव्हता, तेव्हा त्यांनी टॅग लावून दिला. बॅग गेली, तो माणूस मात्र विमानात चढलाच नाही. टोरोंटोला ती बॅग एअर इंडियाच्या विमानात गेली. दुसऱ्या दिवशी आयर्लंडजवळ समुद्रावर त्या विमानाचा, ‘कनिष्क’चा, स्फोट झाला आणि ३२९ माणसे मेली. त्याच दिवशी, स्फोटाच्या जेमतेम तासभर आधी, टोकियोच्या नारिता विमानतळावर दुसरी एक बॅग फुटली. तीही व्हँकुव्हरहूनच आलेली, एअर इंडियाच्या बँकॉककडे जाणाऱ्या विमानात चढायची होती. तिच्या स्फोटात सामान हाताळणारे दोन कामगार ठार झाले. तीन वर्षांनी, २१ डिसेंबर १९८८ रोजी, स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन अॅमचे विमान पडले आणि २७० जण गेले. तो बॉम्बही मालक सोबत नसलेल्या, एका विमानातून दुसऱ्यात बदललेल्या बॅगेतून आल्याचे न्यायालयाने मान्य केले.

या मृत्यूंनंतर नियम घट्ट झाला: प्रवासी विमानात नसेल, तर त्याची बॅगही नाही. थांब्यावर कुणी झोपून राहिले, दुकानात रमले आणि दार बंद होईपर्यंत पोचले नाही, तर त्याची बॅग शोधून उतरवावी लागते आणि तीनशे लोक खोळंबतात. कंपनीच्या चुकीने मागे राहिलेली बॅग नंतर एकटी पाठवता येते, पण तिला वेगळा टॅग लागतो आणि तिची तपासणी नव्याने होते. लांब थांब्यात बॅग हाती न देण्यामागे ही शिस्त आहे.

मग दहा तास बॅग असते कुठे? मोठ्या विमानतळांवर लवकर आलेल्या बॅगांचे वेगळे कोठार असते. ट्रेमध्ये ठेवलेली बॅग यंत्राने उंच मांडणीत जाते आणि पुढच्या विमानाची वेळ जवळ आली की संगणक तिला बोलावून घेतो. छोट्या विमानतळावर हेच काम ट्रॉली, जाळीची खोली आणि माणसे करतात. जून २०१८ पासून आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या ठरावानुसार सदस्य कंपन्यांना बॅगेची नोंद चार टप्प्यांवर ठेवावी लागते: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या विमानाकडे सोपवताना आणि शेवटी परत देताना. यातली तिसरी पायरी सर्वांत कच्ची. उशिरा पोचलेल्या बॅगांचे सर्वांत मोठे कारण वर्षानुवर्षे हेच आहे, विमान बदलताना झालेली चुकामूक. लांब थांबा माणसाला कंटाळवाणा असला तरी बॅगेच्या फायद्याचा आहे. पन्नास मिनिटांच्या थांब्यात धावतपळत माणूस चढतो, बॅग राहून जाते.

आता बॅग थेट जात नाही असे प्रसंग. पहिला प्रसंग वेगवेगळ्या तिकिटांचा. स्वस्त पडते म्हणून अनेक जण मुंबई-दुबई एका कंपनीचे आणि दुबई-लंडन दुसऱ्या कंपनीचे तिकीट काढतात. दोन्ही कंपन्यांत करार नसेल, तर दुबईला देशात प्रवेश करून बॅग घ्यावी लागते आणि पुन्हा काउंटरवर द्यावी लागते. त्यासाठी व्हिसा लागतो आणि दुसऱ्या कंपनीची वजनमर्यादा वेगळी असू शकते. पहिले विमान उशिरा आले, तर दुसरी कंपनी जबाबदार नसते. वाचलेले चार पैसे इथे अनेकदा दुपटीने जातात. दुसरा प्रसंग थांबा चोवीस तासांहून मोठा असण्याचा. तेव्हा तो प्रवासातला मुक्काम समजला जातो आणि बॅग सहसा तिथेच हाती येते.

तिसरा प्रसंग अमेरिकेचा, आणि तो मराठी घरांना सर्वांत जास्त भेटतो. मुंबईहून नेवार्कला उतरून पुढे डॅलसला जायचे असेल, तर टॅगवर डॅलस असले तरी बॅग नेवार्कला घ्यावी लागते. अमेरिकेत पहिल्यांदा पाय ठेवाल तिथेच सीमाशुल्काची तपासणी, असा तिथला नियम आहे. तपासणीतून बाहेर पडताच पुढच्या विमानांसाठी बॅगा परत घेणारा पट्टा असतो, तिथे ती सोपवायची. मुंबईच्या शुल्कमुक्त दुकानातून घेतलेली बाटली याच वेळी मोठ्या बॅगेत टाकावी, कारण पुढच्या सुरक्षा तपासणीत १०० मिलिलिटरची मर्यादा आडवी येते. अबू धाबी, डब्लिन आणि शॅनन इथे अमेरिकेचे अधिकारी ही सारी तपासणी आधीच करतात, त्यामुळे तिथून जाणारा प्रवासी अमेरिकेत देशांतर्गत प्रवाशासारखा उतरतो. परत येताना दिल्लीत उतरून पुण्याचे विमान धरणाऱ्यांनाही सहसा दिल्लीतच बॅग घेऊन सीमाशुल्क पार करावे लागते. पुढचे तिकीट वेगळे असेल, तर देशांतर्गत १५ किलोच्या मर्यादेचा फटका बसतो.

लांब थांब्यात शहर पाहायचे आहे आणि बॅगही हवी आहे, तर निघतानाच काउंटरवर विचारून टॅग मधल्या शहरापर्यंतचाच लावून घेण्याची विनंती करता येते. ती मानायची की नाही हे कंपनी ठरवते. पण बॅग बाहेर काढली की ती त्या देशाच्या कायद्याखाली येते. दिवाळीत मुलांसाठी नेलेले अनारसे हे याचे सर्वांत काळजीचे उदाहरण. त्यांच्यावर लावलेली खसखस संयुक्त अरब अमिरातीत अमली पदार्थांच्या यादीत आहे आणि तिच्यापायी माणसाला अटक होऊ शकते. आखातातून जाताना खसखस घरीच ठेवावी, बॅग थेट जाणार असली तरीही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांवरही विमान कंपन्यांचा आक्षेप असतो, कारण तेलकट खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते. पॉवर बँक तर मोठ्या बॅगेत चालतच नाही, ती हातातच हवी.

हातातल्या बॅगेत काय असावे, याचा विचार म्हाताऱ्या माणसांसाठी जास्त काळजीने करावा. रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे चार-पाच दिवस पुरतील इतकी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इन्सुलिन कधीही खालच्या बॅगेत नको. कपड्यांचा एक जोड, चष्मा, चार्जर, मुलाचा पत्ता आणि फोन कागदावर लिहिलेला. दागिने आणि मूळ कागदपत्रेही इथेच.

एवढे करूनही पट्टा रिकामा फिरून थांबला, तर विमानतळ सोडण्याआधी त्या कंपनीच्या सामान-कक्षात लेखी तक्रार नोंदवावी. ज्या कंपनीच्या विमानातून शेवटी उतरलो, तिच्याकडेच जायचे, आधी कुणी चूक केली हे नंतर ठरते. भारतात २००९ पासून विमानप्रवासातल्या भरपाईचा माँट्रिअल करार लागू आहे. बॅग फुटली असेल तर ती मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली असेल तर २१ दिवसांत लेखी दावा करावा लागतो. २१ दिवसांत आलीच नाही, तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. करारातली भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबाचे एकक), म्हणजे दोन हजार डॉलरच्या आसपास आहे. बॅगेत त्याहून मौल्यवान काही असेल, तर काउंटरवर त्याची किंमत जाहीर करून जादा रक्कम भरावी लागते. दाव्यासाठी टॅगची ती छोटी पट्टी लागते, म्हणून घरी पोचून बॅग उघडून पाहीपर्यंत ती टाकून देऊ नका.