हळदीचा चटका

चामोर्शीजवळच्या मार्कंडा गावच्या जत्रेत हळद आणि कुंकू शेजारीशेजारी मांडलेलं असतं. तिकडच्या कुणाला त्याचं नवल नाही. मला मात्र अजून वाटतं, कारण जुन्या पद्धतीचं कुंकू म्हणजे हळदच. हळदपुडीवर चुन्याच्या निवळीचे दोन थेंब टाका, डोळ्यांदेखत लाल होते. रंग बदलणारा तो पदार्थ म्हणजे कर्क्युमिन. फोगेल आणि पेलेतिये यांनी 1815 साली तो वेगळा काढला. आज तोच पदार्थ हृदय आणि मूत्रपिंड वाचवतो का, हे तपासलं जातंय.

हे दोन्ही अवयव कधी सुट्टी घेत नाहीत. हृदय दिवसाला लाखभर ठोके देतं, मूत्रपिंडं सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. एवढ्या राबण्याला लागणारी ऊर्जा तयार होताना पेशीत ऑक्सिजनच्या ठिणग्या उडतात. हळद त्या विझवते, असं आधी वाटायचं. पण रक्तात पोचणारं कर्क्युमिन इतकं थोडं, की त्यानं काय विझणार? खरी गंमत पुढे आहे. पेशीत 'कीप-वन' नावाचं प्रथिन 'एनआरएफ-टू' नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं. कर्क्युमिन कीप-वनला चिकटलं की पकड सुटते, आणि मोकळं झालेलं एनआरएफ-टू केंद्रकात शिरून बचावाची शेकडो जनुकं कामाला लावतं. किडीबुरशीला दूर ठेवायला झाडानं बनवलेलं रसायन आपल्या पेशीला हलकासा चटका देतं आणि पेशी खडबडून जागी होते!

कॅन्सरवरचं डॉक्सोरुबिसिन हृदयाला इजा करतं, सिस्प्लाटिन मूत्रपिंडाला. कर्क्युमिन दिलेल्या उंदरांमध्ये ही इजा कमी झाल्याचं अनेक प्रयोगांत दिसलं. माणसांचं काय? थायलंडमधल्या चियांग माई इथे बायपासच्या 121 रुग्णांवर चाचणी झाली, ती 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. रोज 4 ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी सुमारे 13 टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर हृदयविकाराचा झटका आला, न घेणाऱ्यांत 30 टक्क्यांना. मी हे आकडे दोनदा वाचले. मग 2018 चा कॅनडाचा निकाल वाचला. महारोहिणीच्या शस्त्रक्रियेचे 606 रुग्ण, तेच कर्क्युमिन, आणि मूत्रपिंडाची इजा उलट वाढलेली: 10 टक्क्यांच्या जागी 17. त्यात हळदीतल्या ऑक्झलेटमुळे मुतखड्याचाही धोका असतो. म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय हळदीच्या अर्काची गोळी घेऊ नये, हे मी कळकळीनं सांगते.

आणि अर्क म्हणजे स्वयंपाकातली चिमूट नव्हे. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्यात कर्क्युमिन 6 टक्क्यांच्या वर. तरीही 4 ग्रॅम कर्क्युमिनसाठी ती रोज साठ-पासष्ट ग्रॅम खावी लागेल! शिवाय खाल्लेलं बहुतेक शोषलंच जात नाही, आणि शोषलेलं यकृत लगेच बाहेर काढतं. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यांतलं पायपरिन फक्त 20 मिलिग्रॅम दिलं, तर रक्तातलं प्रमाण वीसपट झालं. मिरी यकृताचा हात धरते. तो हात औषधांसाठीही थांबतो, हे गोळ्या चालू असलेल्यांनी ध्यानात ठेवावं.

कर्क्युमिन अंगी लागण्याचं निम्मं काम आपली फोडणी कधीचंच करतेय. पाण्यात टाकलेली हळद तळाशी बसते. तापल्या तेलात मात्र तिचा रंग क्षणात उतरून सोन्यासारखा पसरतो, कारण कर्क्युमिनला पाणी नको, स्निग्ध हवं. धानाच्या बांधीत उतेऱ्यानं, म्हणजे धान उभं असतानाच पेरून, घेतलेली लाखोळीची डाळ शिजवून तिच्यावर ती फोडणी ओतली, की पिवळा तवंग वर येतो. जेवून उठल्यावर बोटं साबणानं धुवा. पिवळा डाग क्षणभर लाल होतो, कुंकवासारखा.