जव्हारकडील घराण्यांचा शोध आणि विचारण्याचे प्रश्न

‘आमच्या पणजोबांची माहिती कुठे मिळेल?’ एवढ्याच प्रश्नाने शोध पुढे सरकत नाही. गाव कोणते आणि त्या काळी ते कोणाच्या अमलाखाली होते, हे प्रथम निश्चित करावे. कारण जव्हार हे 1948 पर्यंत मुकणे राजांचे संस्थान, तर शेजारचा मोखाडा हा इंग्रजी ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा, आणि म्हणूनच काही कोसांच्या अंतरावरील दोन गावांचे दप्तर दोन निराळ्या सरकारांनी राखलेले आहे. (आज जव्हार व मोखाडा ज्यात येतात तो पालघर जिल्हा 2014 चा; जुन्या कागदांत तो शोधू नये.)

पुढे विचारावे ते जमिनीविषयी: ती कोणाच्या नावे होती आणि वारसनोंद केव्हा झाली? जुन्या फेरफारात मयताच्या वारसांची नावे नात्यांसह आढळतात. कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी त्यांच्याशी ताडून पाहाव्यात.

वृद्धांना मात्र सन विचारू नये. ‘आजी, तुमच्या आईचं लग्न झालं तेव्हा जव्हारला राजाचं राज्य होतं का?’ असे विचारताच 1948 ची अलीकडची-पलीकडची बाजू कळते. आणि आईचे माहेर कोणते, हे अवश्य विचारावे. माझ्या मते सर्वांत उपेक्षित राहिलेला प्रश्न हाच.