मृत्युपत्रातून चर्चसाठी देणगी : उमरखेड परिसरातील श्रद्धावंतांसाठी काही माहिती

नोव्हेंबर महिना मृत श्रद्धावंतांच्या स्मरणाचा. २ नोव्हेंबर रोजी आपण दफनभूमीत जातो, आप्तांच्या कबरी स्वच्छ करतो, मेणबत्त्या लावतो आणि त्यांच्या आत्म्यांस चिरशांती लाभावी म्हणून मिस्साबलिदान अर्पण करतो. मात्र आपल्या पश्चात आपल्या मिळकतीचे काय व्हावे, हा विचार त्या दिवशीही आपण दूरच ठेवतो. मृत्युपत्र लिहिले की मरण जवळ येते, अशी एक समजूत आपल्याकडे अजून आहे. परिणामी पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांत मृत्युपत्र लिहिलेच जात नाही, आणि 'चर्चसाठी काहीतरी ठेवायचे आहे' ही मनातील इच्छा त्या व्यक्तीबरोबरच पुरली जाते.

विदर्भातील कॅथॉलिक ख्रिस्तसभेचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सॅव्हॉय प्रांतातील ॲनेसी येथून आलेल्या संत फ्रान्सिस द सेल्स संघाच्या मिशनऱ्यांनी घातला. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत झाला आणि त्यातूनच १९५५ साली अमरावती धर्मप्रांत निर्माण झाला. यवतमाळ जिल्हा, आणि अर्थात उमरखेड तालुका, या अमरावती धर्मप्रांतात येतो. या भागातील मिशनकार्यास दीर्घकाळ परदेशातील अनामिक श्रद्धावंतांच्या देणग्यांचा मोठा आधार मिळाला. त्यांतील कित्येक देणग्या मृत्युपत्रातूनच आलेल्या असणार. कधीही न पाहिलेल्या गावासाठी कुणा वृद्धेने काही रक्कम लिहून ठेवावी, ही गोष्ट आपण फारशी ध्यानात घेतली नाही.

तो ओघ आता पूर्वीसारखा राहणार नाही. परकीय देणग्यांसंबंधीचा २०१० चा कायदा २०२० च्या दुरुस्तीने अधिक कडक झाला. परदेशातून आलेली रक्कम एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे वळती करण्यास मनाई झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेने पैसा स्वीकारायचा आणि लहान खेड्यातील कामास द्यायचा, ही जुनी वाट त्यामुळे बंद झाली. पैनगंगेच्या काठावरील एखाद्या लहान ख्रिस्ती समुदायाने आपले प्रार्थनामंदिर कशाच्या बळावर टिकवावे, याचे उत्तर आता त्याच समुदायात शोधावे लागेल.

येथे एक ऐतिहासिक अन्याय सांगणे आवश्यक आहे, कारण पुष्कळ सुशिक्षित ख्रिस्ती बांधवांसही तो ठाऊक नसतो. २००३ पर्यंत भारतातील ख्रिस्ती व्यक्तीस मृत्युपत्राद्वारे धार्मिक वा धर्मादाय कार्यास देणगी देण्याची मोकळीक नव्हती. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ११८ प्रमाणे, ज्याला पुतण्या, भाचा, पुतणी, भाची किंवा त्याहून जवळचा नातलग आहे, त्याने असे मृत्युपत्र मृत्यूपूर्वी किमान बारा महिने आधी केलेले असले पाहिजे, आणि केल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते कायद्याने ठरविलेल्या ठिकाणी सुरक्षित ठेवण्यासाठी जमा केले पाहिजे, अशी अट होती. मृत्युपत्र केल्यानंतर अकराव्या महिन्यात देवाज्ञा झाली, तर देणगी रद्द! हिंदू व मुस्लिम बांधवांना ही अट नव्हती. पारशी समाजास १९९१ च्या दुरुस्तीने तीतून वगळण्यात आले. अट उरली ती ख्रिस्ती समाजापुरती.

ही तरतूद आली होती इंग्लंडमधून. मृत्युशय्येवरील माणसाच्या भीतीचा लाभ घेऊन धर्मसंस्था जमिनी लिहून घेतात, या संशयापोटी तेथे १७३६ मध्ये एक कायदा झाला होता. इंग्लंडने तो १९६० मध्ये रद्द केला. आपल्याकडे त्याची सावली तशीच राहिली. अखेर केरळमधील धर्मगुरू फादर जॉन वल्लामट्टम यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २१ जुलै २००३ रोजी सरन्यायाधीश व्ही. एन. खरे यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने कलम ११८ हे समानतेची हमी देणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद १४ चा भंग करणारे ठरवून रद्द केले. त्याआधीच्या वर्षी, २००२ मध्ये, भारतीय ख्रिस्ती व्यक्तींच्या मृत्युपत्रासाठी न्यायालयातून प्रोबेट घेण्याची सक्तीही दुरुस्तीने दूर झाली होती.

कायदा अन्यायकारक होता यात शंका नाही. तथापि त्यामागील भीती अगदीच निराधार होती, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. दबावाखाली किंवा आग्रहाने गांजून करवून घेतलेले मृत्युपत्र आजही कायद्याने निरर्थक ठरते, आणि ते योग्यच आहे. आजारी व्यक्तीस अखेरचा अभ्यंग देण्यास गेलेल्या धर्मगुरूंनी त्या खोलीत मालमत्तेचा विषय काढू नये. ज्यांना द्यायचे आहे, त्यांनी धडधाकट असताना, घरच्यांना विश्वासात घेऊन ते लिहावे.

घरच्यांचा विषय निघालाच आहे, तर प्रभू येशूने 'कुर्बान' या प्रथेविषयी काय म्हटले, ते संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात जरूर वाचावे. देवाला अर्पण केले असे सांगून आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांची प्रभूने कठोर शब्दांत कानउघाडणी केली आहे. ख्रिस्ती व्यक्ती आपली संपूर्ण मिळकत मृत्युपत्राने हवी त्याला देऊ शकते. पत्नीसाठी वा मुलांसाठी ठरावीक हिस्सा राखलाच पाहिजे, असे बंधन कायद्यात नाही. म्हणूनच ती जबाबदारी आपल्या सद्सद्विवेकबुद्धीवर येते. विधवा पत्नी, अविवाहित मुलगी, अपंग भाऊ यांची सोय आधी, चर्च नंतर. मृत्युपत्र नसेल, तर सामान्यतः पत्नीस एक-तृतीयांश आणि उर्वरित दोन-तृतीयांश मुलगे व मुली यांना समान, अशी वाटणी होते. चर्चला अर्थातच काही मिळत नाही.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. त्यास मुद्रांक शुल्क लागत नाही. लिहिणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदारांनी आपली सही होताना पाहिलेली असावी, किंवा ती आपलीच असल्याची कबुली आपल्या तोंडून ऐकलेली असावी. ज्याला मृत्युपत्राने काही मिळणार आहे, त्याला किंवा त्याच्या पती वा पत्नीस साक्षीदार करू नये; ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्रात अशा साक्षीदाराचा लाभ रद्द होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घेतलेली बरी. आणखी एक बाब फार थोड्यांना माहीत असते : ख्रिस्ती व्यक्तीने मृत्युपत्रानंतर विवाह केला, तर आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. विधुर वा विधवा यांनी पुनर्विवाह केल्यास नवे मृत्युपत्र करावे.

उमरखेडसारख्या शेतीप्रधान तालुक्यात खरा पेच असतो तो जमिनीचा. कापूस-सोयाबीनची दोन एकर जमीन चर्चच्या नावे लिहून दिली की काम झाले, असे अनेकांना वाटते. तसे नाही. विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र कुळकायदा आहे आणि त्यात बिगर-शेतकऱ्याकडे शेतजमीन जाण्यावर निर्बंध आहेत. गुजरातेत लागू असलेल्या १९४८ च्या मुंबई कुळकायद्यातील अशाच तरतुदीविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असा निर्णय दिला, की मृत्युपत्राने देखील बिगर-शेतकऱ्यास शेतजमीन देता येणार नाही. आदिवासी बांधवांच्या जमिनीस तर जमीन महसूल संहितेचे वेगळे संरक्षण असून जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना ती बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. म्हणून जमीन शेती करणाऱ्या मुलाकडेच ठेवून त्याने ठरावीक रक्कम चर्चला द्यावी, किंवा एक्झिक्युटरने जमीन शेतकऱ्यास विकून आलेल्या पैशाचा अमुक हिस्सा द्यावा, असे लिहिणे पुष्कळ अंशी सुरक्षित ठरते. सातबारा उतारा घेऊन आधी वकिलास दाखवावा.

रकमेपेक्षा हिस्सा लिहावा, असे माझे मत आहे. वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या दहा हजार रुपयांत आज छपराचे पत्रेही बदलून होत नाहीत. सर्व देणी आणि कुटुंबाचे वाटे दिल्यानंतर उरलेल्या मिळकतीचा दहावा भाग, असे लिहिल्यास महागाईची झळ तितकी बसत नाही. बँकेतील ठेवीवर नाव लावलेली व्यक्ती सामान्यतः पैसे स्वीकारण्यापुरतीच असते, मालक नव्हे, हेही लक्षात असू द्यावे.

आता नावाविषयी. 'आमच्या चर्चला' किंवा 'धर्मकार्यासाठी' एवढेच लिहिल्यास वाद उद्भवतो. फारच मोघम लिहिलेली देणगी अनिश्चिततेमुळे निरर्थक ठरू शकते. उमरखेडकरांनी तर विशेष दक्ष राहावे. पैनगंगेपलीकडील नांदेड जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात येतो, आणि बाजारहाट, दवाखाना, सोयरीक यांनिमित्त आपले येणेजाणे तिकडेही असते. ज्या नोंदणीकृत न्यासाला देणगी द्यायची, त्याचे पूर्ण नाव व सार्वजनिक न्यास नोंदणी क्रमांक आपल्या धर्मगुरूंकडून लेखी घ्यावा. धर्मगुरूंच्या वैयक्तिक नावे काहीही लिहू नये. त्यांची बदली होते, आणि त्यांनाही देवाज्ञा होते. न्यासाच्या नावे आलेली स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीविना विकता येत नाही, हे दात्याच्या दृष्टीने मोठेच संरक्षण आहे.

ख्रिस्तसभेचा १९८३ चा कायदाही याबाबत स्पष्ट आहे. दात्याची इच्छा एकदा स्वीकारली, की ती काटेकोरपणे पाळलीच पाहिजे. अशा देणग्यांच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणे हे महागुरूंचे कर्तव्य आहे. एवढेच नव्हे, तर मुलकी कायद्याच्या औपचारिकता राहून गेल्या असल्या, तरी मृताची इच्छा पूर्ण करण्याच्या कर्तव्याची वारसांना जाणीव करून द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. दरवर्षी आपल्या नावे मिस्सा व्हावी म्हणून कुणी रक्कम ठेवली आणि कालांतराने तिचे व्याज अपुरे पडले, तर मिस्सांची संख्या कमी करता येते; अशी कपात करण्याचा सर्वसाधारण अधिकार पूर्वी परमधर्मपीठाकडे राखीव होता. पोप फ्रान्सिस यांनी २०२२ मध्ये तो धर्मप्रांताच्या महागुरूंकडे सोपविला. म्हणून अशी देणगी देताना किती वर्षे मिस्सा व्हावी आणि त्यानंतर त्या रकमेचा कशासाठी उपयोग करावा, हेही मृत्युपत्रातच नमूद करावे, आणि मृत्युपत्र कोठे ठेवले आहे ते घरातील निदान एका व्यक्तीस सांगून ठेवावे.